छायाचित्र आणि पडदा

भिलाई पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्या काळी नोकरीसाठी तेथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाजवळ कामगारांचे जुने समूहचित्र आहे, असे समजा. स्कॅन केलेले ते चित्र मोबाइलवर स्वच्छ दिसते. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर मात्र चेहरे पुसट होतात. असे का घडते?

डिजिटल छायाचित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना ‘पिक्सेल’ म्हणतात. पडद्यावरही असेच ठिपके असतात. ६४० × ४८० पिक्सेलच्या चित्रात सुमारे तीन लाख ठिपके असतात, तर १९२० × १०८० च्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक. उरलेले ठिपके यंत्र अंदाजाने भरते. नसलेला तपशील ते आणणार कोठून? लहान पडद्यावर ही उणीव झाकली जाते, इतकेच.

चित्रातील एका रांगेत वीस कामगार असतील, तर ६४० पैकी प्रत्येकाच्या वाट्याला रुंदीत ३२ पिक्सेल येतात. त्यातच खांदे आले, मधली जागाही आली. मग आजोबा ओळखायचे कसे? तेच सहा बाय चार इंचांचे चित्र दर इंचास ३०० ठिपके ठेवून स्कॅन केल्यास रुंदीत १८०० पिक्सेल मिळतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ९० येतात. अर्थात, मूळ चित्र स्पष्ट असले पाहिजे.