मूठ कशी सोडायची

सुमे,

आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकाच्या चाचणीला बसतेयस, हे ऐकून फार बरं वाटलं बघ. पण फोनवर तुझा आवाज धास्तावलेला होता. "ताई, मी तिसगावची. शहरातल्या मुलींपुढं माझा काय निभाव लागणार?" असं म्हणालीस. अगं, ज्या कामाला तू निघालीस त्याचं इंग्रजी नावच मुळात शेतातलं आहे. तेवढं आधी समजून घे.

ब्रॉडकास्ट. ब्रॉड म्हणजे रुंद आणि कास्ट म्हणजे फेकणं. हा कास्ट इंग्रजीत आला जुन्या नॉर्स भाषेतून. अठराव्या शतकातले इंग्रज शेतकरी मुठीनं बी फोकून पेरण्याला ब्रॉडकास्ट म्हणत. तिकडं जेथ्रो टल नावाच्या माणसानं १७०१ च्या सुमारास ओळीत बी टाकणारं यंत्र केलं. पुढं ओळीतली पेरणी कुठली आणि फोकलेली कुठली, हा फरक सांगायची वेळ आली. आपल्याकडं पाभर नि तिफण त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेल्या. रेडिओला हा शब्द लागू झाला तो थेट १९२० नंतर. बोलणारा एक, आणि ऐकणारं कोण, कुठं बसलंय, ते त्याला दिसत नाही. फोकणाऱ्यालाही कुठला दाणा कुठं रुजेल ते कुठं माहीत असतं?

आणि हा एकच शब्द नाही. माहितीचा प्रसार करणं या अर्थाचा डिसेमिनेट लॅटिनमधल्या बीज या शब्दावरून आलाय, आणि प्रोपगेट हा फांद्या लावून झाडं वाढवण्यावरून. पसरवण्याची भाषा शेतकऱ्यांनीच घडवलेली दिसते.

आपला आकाशवाणी हा शब्द देखणा आहे. १९३५ साली म्हैसूरला प्राध्यापक गोपालस्वामींनी खासगी केंद्र काढलं, त्याचं नाव आकाशवाणी होतं. पुढं १९५७ पासून ऑल इंडिया रेडिओनं ते घेतलं. पण मनातलं सांगू? तुझ्यासाठी मला तो इंग्रजी शब्दच जवळचा वाटतो. आकाशवाणी वरून येते, कंसाला आली तशी. ऐकणाऱ्यानं नुसतं ऐकायचं. बी फोकणारा ऐकणाऱ्याच्याच मातीत उभा असतो, अनवाणी. तू माइकपुढं बसशील तेव्हा तशी बस.

आता मुठीचं. आई मेथी-कोथिंबिरीचे वाफे करते ते तू लहानपणापासून बघतेस. धने आधी हलक्या हातानं रगडून त्यांच्या दोन डाळी करते. राजगिऱ्यासारखं बारीक बी असलं तर त्यात वाळू कालवते, नाहीतर एकाच जागी ढीग पडतो नि बाकी वाफा मोकळा राहतो. मग मूठ उघडत नाही, सैल करते. बोटांच्या फटीतून बी सुटतं आणि पाऊल पुढं पडेल तसा हात फिरतो. शेवटी माती वरखाली करून बी झाकते. झाकलं नाही तर चिमण्या टिपतात.

तुझं वाचन मी ऐकलंय. तू मूठ एकदम उघडतेस. फवारणीची माहिती वाचताना औषधाचं नाव, प्रमाण, पंप किती लिटरचा, सगळं एका श्वासात ओतून मोकळी होतेस. ऐकणाऱ्या बाईला मागचं पान उलटता येत नाही गं. ती चुलीपाशी असेल, गोठ्यात असेल. आपल्या पाथर्डी तालुक्यातली किती माणसं ऊसतोडीला जातात. पहाटे कोपीत बसून फोनवरच रेडिओ लावलेला असेल. "पंधरा लिटरच्या पंपाला" म्हण, थांब, मग प्रमाण सांग, आणि तेच पुन्हा सांग. त्या थांबण्यानं बाकीच्या शब्दांना जागा मिळते, वाळूनं बारीक बियांना मिळते तशी.

झाकण्याचंही सांगते, कारण हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत एक प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं काढली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. मंडळी जमून ऐकायची, मग आपसात चर्चा करायची आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडं जायचे. पॉल न्यूरथ या अभ्यासकानं त्याचा लेखाजोखा मांडला. जिथं मंडळं होती तिथं लोकांची माहिती खूपच वाढली होती. जिथं नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हतं, तिथं तसं दिसलं नाही. रेडिओ तोच, कार्यक्रम तेच. फरक होता तो ऐकल्यावर चार माणसांनी एकत्र बसून बोलण्याचा. तेच बी झाकणं.

मला तो प्रयोग फार मोलाचा वाटतो, सुमे. इतक्या वर्षांपूर्वीचा असला तरी तो आजच्या कामाचा आहे. हल्ली दिवसभर फोनवर किती काय येऊन पडतं. वाचतं कोण, बोलतं कोण त्यावर? म्हणून तुझ्या हाती कार्यक्रम आला की निवेदनात एखादा खरा प्रश्न ठेव. "तुमच्याकडं तुरीला फुलं लागली का, कळवा," एवढं पुरे. आणि कुणी कळवलं तर पुढच्या वेळी त्यांच्या गावाचं नाव घे. मढीचं, मिरीचं, करंजीचं नाव रेडिओवर निघालं की अख्खं गाव कान देतं.

बोली लपवू नकोस, पण 'न' आणि 'ण' सांभाळ. चाचणीत तिथंच गुण जातात. रोज रात्री अण्णांना वर्तमानपत्रातला शेतीचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखव. मग त्यांना विचार, काय कळलं ते सांगा. त्यांनी जे गाळलं तिथं पेन्सिलीनं खूण कर, आणि रविवारी त्याच ओळी मला फोनवर वाचून दाखव.

तुझी ताई