परसबागेस जागा कोणती द्यावी?

जुन्या करारात १ राजे या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात अहाब राजा नाबोथाजवळ त्याचा द्राक्षमळा मागतो, तो भाजीपाला लावण्याकरिता. कारण विचारावे तर एवढेच की, तो मळा राजाच्या वाड्याजवळ आहे. पुढे त्या घरात जे कारस्थान शिजले ते अत्यंत निंद्य होय. तथापि भाजीची जागा घरालगत असावी, इतके त्या दुष्ट राजासही कळत होते. आमच्या खेड्यांत बहुधा उलट रीत दिसते. घर, गोठा, उकिरडा, कडब्याची गंज आणि सरपण यांची सोय लावून जो तुकडा कशाच्याच उपयोगी पडत नाही, तो भाजीस देण्यात येतो. मग पावसाळ्यात चार दोडके लागतात, फाल्गुनात सर्व करपून जाते, आणि "आमच्या मातीत भाजी होतच नाही" असा निकाल ठरतो. मातीचा दोष त्यात फार थोडा असतो.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. नाशिक जिल्ह्यातून भाजीच्या गाड्या भरून मुंबईस जातात. परंतु ज्या मजुरांच्या हातांनी ती भाजी खुडली जाते, त्यांच्या घरी भर पावसाळ्यात भाव चढले म्हणजे भाकरीबरोबर मिरचीच उरते. शेवग्याचा पाला, माठ, चवळई यांत जीवनसत्त्व अ ज्यापासून बनते ते द्रव्य व लोह ही असतात. त्यांची उणीव मुलांच्या डोळ्यांस व गरोदर स्त्रीच्या रक्तास बाधते. दहा हात जागा नीट निवडली तर ही उणीव पुष्कळ अंशी भरून निघेल.

प्रथम ऊन पाहावे. बागकामाची जी इंग्रजी पुस्तके आपल्याकडे वाचली जातात, त्यांत बाग दक्षिणेच्या उघड्या बाजूस करावी व दिवसाचे सहा ते आठ तास ऊन मिळावे असा उपदेश असतो. तो खरा आहे, परंतु तो लंडनकडील सूर्य पाहून केलेला आहे. डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास तेथे भर मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून अवघा १५ अंश वर असतो. म्हणून दहा फूट उंचीच्या भिंतीची सावली उत्तरेस ३७ फुटांपर्यंत पसरते. आपले नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस २० अंशांवर आहे. येथे त्याच दिवशी सूर्य साडेशेहेचाळीस अंश वर चढतो, व तितक्याच उंच भिंतीची सावली साडेनऊ फुटांची पडते. हे कोणासही पडताळून पाहता येईल. नाताळच्या सुमारास दुपारी साडेबारा वाजता अंगणात एक हात लांबीची काठी उभी रोवावी. तिची सावली जवळजवळ एक हातच भरेल. यावरून नियम असा निघतो की, घराच्या उत्तरेस भिंतीच्या उंचीइतकी पट्टी हिवाळाभर सावलीत राहते. तेथे वांगी, टोमॅटो, कोबी लावू नयेत. त्यापलीकडील उत्तरेची जागा वाईट नाही, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

उन्हाळ्यात प्रकार निराळा होतो. मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली नाहीशी होते, आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेस असतो. त्या दिवसांत ऊन कमी पडण्याची चिंता नसते. चिंता दुपारनंतरच्या, पश्चिमेकडून येणाऱ्या उन्हाची. पारा चाळिशीजवळ गेला असता कोथिंबीर व पालक यांस सकाळचे ऊन पोसते आणि तिसऱ्या प्रहराचे ऊन मारते. ज्यास निवड करिता येते त्याने घराच्या पूर्वेची किंवा आग्नेयेची जागा घ्यावी. हिवाळ्यात सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, तेव्हा या जागेस सकाळपासून ऊन मिळते. आणि उन्हाळ्यात तीन-चारच्या सुमारास घराची सावली हळूहळू वाफ्यांवर येऊ लागते. शिवाय पावसाळी वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून झोडपतो. घराच्या आडोशामुळे काकडी-कारल्याचे मांडव आषाढात भुईसपाट होत नाहीत. कौलांच्या पागोळ्या जेथे पडतात तेथून दोन-तीन हात सोडून मात्र वाफे घालावे; नाहीतर पहिल्या पावसातच रोपांची मुळे उघडी पडतील.

शेवगा, हादगा, पपई, लिंबू ही उंच झाडे बागेच्या उत्तरेस व पश्चिमेस लावावी, म्हणजे हिवाळ्यात त्यांची सावली बाहेर पडेल आणि उन्हाळ्यात दुपारची सावली वाफ्यांवर येईल. चिंच आणि निंब यांच्या बुडाशी भाजी करण्याचा हट्ट धरू नये. त्यांची मुळे फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जाऊन वाफ्यांतील पाणी ओढून घेतात.

आता पाण्याविषयी. येथेच बहुतेक बागा बुडतात, आणि बहुतेक वेळा बाग आखणारा पुरुष व पाणी वाहणारी स्त्री अशी वाटणी असते. म्हणून हिशेब मांडून पाहू. दहा हात लांब व दहा हात रुंद अशी जागा म्हणजे सुमारे २१ चौरस मीटर. मे महिन्यात आपल्याकडील उन्हात पीक व जमीन मिळून दिवसास सुमारे ६ ते ८ मिलिमीटर पाणी उडून जाते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तेव्हा या बागेस रोज दीडशे लिटरांच्या आसपास पाणी पाहिजे. घागर पंधरा लिटरांची धरिली तर दहा घागरी झाल्या. विहीर शंभर पावलांवर असेल तर जाऊन येऊन दोन हजार पावले, त्यांपैकी निम्मी डोक्यावर ओझे घेऊन, आणि तीही घरच्या पिण्याचे पाणी भरून झाल्यावर! अशी बाग चैत्रात मेली तर घरच्या बाईस आळशी कोण म्हणेल? जागेचा प्रश्न तिला विचारल्यावाचून ठरवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वयंपाकघराच्या दारातून जी जागा दिसते व जेथे मोरीचे पाणी उताराने आपोआप जाते, तीच ती बहुधा दाखवील, आणि ते योग्यच असते. पाच माणसांच्या स्नानाचेच सत्तर-पंचाहत्तर लिटर पाणी होते. अर्थात उन्हाळ्यात अर्धी बाग पडीक ठेवून अर्धीच जगवावी. सर्वच तहानलेली ठेवण्यात अर्थ नाही.

मोरीचे पाणी वापरताना थोडा विवेक पाहिजे. केळ, अळू, पपई यांच्या आळ्यांत ते खुशाल सोडावे. परंतु मुळा, काकडी, कोथिंबीर इत्यादि जे कच्चे खाण्यात येते त्यास विहिरीचे किंवा नळाचे पाणी द्यावे. धुण्याच्या पुडीचे कडक पाणी कोणत्याच झाडास मानवत नाही. अलीकडे पुष्कळ घरी शौचालये झाली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. त्यांच्या शोषखड्ड्याच्या उताराकडील जागा मात्र भाजीकरिता घेऊ नये. जंतांची अंडी मातीत दीर्घ काळ टिकून राहतात.

पावसाळ्यासाठी निचरा पाहावा. आपला जिल्हा एक असला तरी त्यातील पाऊस एक नाही. घाटमाथ्यावर इगतपुरीस वर्षास ३००० मिलिमीटरांहून अधिक पडतो, नाशिक शहरात सुमारे ७००, आणि पूर्वेकडे सिन्नर-येवल्याकडे त्याहूनही कमी. इगतपुरी-त्र्यंबककडील वाचकांनी उंचवट्याची जागा घेऊन गादीवाफे करावे. येवल्याकडील वाचकांनी किंचित सखल जागा पसंत करावी, म्हणजे पडलेले थोडे पाणी तेथेच मुरेल. जागेची परीक्षा सोपी आहे. हातभर खोल खड्डा खणून तो संध्याकाळी पाण्याने भरावा. सकाळपर्यंत पाणी जिरले तर जागा चांगली; खड्ड्यात पाणी तसेच उभे असेल तर मुळे कुजतील; आणि भरता भरताच नाहीसे झाले तर खाली मुरूम आहे, तेथे शेणखत व पोयटा पुष्कळ घालावा लागेल. नव्या घराजवळ गवंड्याने टाकलेला चुना, सिमेंट व विटांचे तुकडे यांचा थर असतो. तो हातभर खणून काढल्यावाचून बी टाकू नये.

नदीकाठची गाळाची जमीन पाहून मोह होतो. गोदावरीचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या कोठपर्यंत पाणी चढले यावरून मोजतात. १९६९, २००८ व २०१९ या वर्षी तो किती चढला हे काठावरील लोकांस सांगावयास नको. तेथे हिवाळ्याची भाजी जरूर करावी, परंतु पावसाळ्याचा भरवसा धरू नये. सखल जागेस दुसरीही एक अडचण आहे. थंड हवा जड असल्यामुळे रात्री ती खोलगटात जाऊन बसते. निफाडच्या गहू संशोधन केंद्रात हिवाळ्यात पारा ५ अंशांखाली उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा रात्री खोलगटातील टोमॅटो काळा पडतो, आणि वीस पावले वरच्या बांधावरचा वाचतो.

ज्यांस वाटते की गरिबाच्या अंगणात इतका विचार कोण करितो, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेस लागून असलेल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे हे गाव आठवावे. तेथील राहीबाई सोमा पोपेरे या शाळेत न गेलेल्या आदिवासी शेतकरीण. त्यांनी वाल, घेवडा इत्यादि गावठी भाज्यांचे बियाणे घरी जतन केले, त्यातून बियाण्यांची पेढी उभी राहिली, आणि भोवतालच्या स्त्रियांस परसबागा करण्यास त्यांनी शिकविले. २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. गावठी वाल व घेवडा कुंपणावर चढतात, त्यांस निराळी जमीन लागत नाही. ज्यांस अंगणच चार हातांचे आहे त्यांनी एवढ्यापासूनच आरंभ करावा.

कुंपणाचे काम पेरणीपूर्वी उरकावे, मागाहून नव्हे. शेजाऱ्याच्या शेळीस मिती कळत नाही, आणि भाजीवरून जुंपलेली भांडणे पंचांपुढे जातात. बांधाची जागा भाऊबंदांत वादाची असेल तर ती सोडून आत दोन हात घ्यावी. ज्यांस या वर्षी आरंभ करावयाचा आहे त्यांनी मार्गशीर्षात काठी रोवून सावलीची रेघ आखून ठेवावी, वैशाखात घागरी मोजाव्या, आणि मृगाच्या पहिल्या सरींत पाणी कोठे साचते ते दारात उभे राहून पाहून घ्यावे.