नष्ट झालेलें नाटकगृह व एक जुनें चित्र

शेक्सपिअरचीं नाटकें आपण वर्गांत वाचतों. परंतु त्यांतील कित्येक ज्या नाटकगृहांत झालीं तें दिसावयास कसें होतें, हा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. लंडन शहरीं थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर १५९९ सालीं 'ग्लोब' नाटकगृह उभारण्यांत आलें. २९ जून १६१३ रोजीं 'आठवा हेन्री' हें नाटक चालू असतां तोफेच्या बारानें गवती छप्पर पेटलें व थोड्याच वेळांत सर्व इमारत भस्म झाली. पुढील वर्षीं त्याच जागीं कौलारू छपराचें दुसरें ग्लोब उभें राहिलें. १६४२ सालीं यादवी युद्धाच्या आरंभीं पार्लमेंटनें नाटकें बंद केलीं, आणि कांहीं वर्षांनीं तीही इमारत पाडली गेली.

या दुसऱ्या ग्लोबचें रूप आपणांस विशेषेंकरून कळतें तें होलर नांवाच्या चित्रकारामुळें. हा १६०७ सालीं प्राग येथें जन्मला. लंडनमध्यें असतां त्यानें साउथवर्क येथील चर्चच्या मनोऱ्यावरून शहराचीं रेखाटनें केलीं. पुढें तो अँटवर्प येथें गेला, व त्या रेखाटनांवरून ताम्रपटांवर तेजाबानें कोरलेलें त्याचें लंडनचें विस्तीर्ण दृश्य १६४७ सालीं प्रसिद्ध झालें.

त्यांत दोन वाटोळ्या इमारती दिसतात. नदीजवळच्या इमारतीवर 'ग्लोब' असें लिहिलें आहे. दूरच्या इमारतीवर अस्वलांच्या झुंजींच्या आखाड्याचें नांव आहे. अस्वलांवर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ तेथें चाले. परंतु खरें ग्लोब नदीपासून अधिक दूर होतें. अर्थात् नांवांची अदलाबदल झाली आहे! मूळ स्थळापासून दूर बसून नांवें घालतांना ही चूक झाली असावी. चित्र मात्र खरें आहे. १९८९ सालीं उत्खननांत ग्लोबच्या पायाचा थोडा भाग सांपडला. आणि १९९७ सालीं जवळच उघडलेल्या नव्या ग्लोबच्या रचनेस होलरच्या रेखाटनाचें साह्य झालें.

ज्यानें केवळ छापील नांव वाचलें, त्यानें अस्वलांच्या आखाड्यासच शेक्सपिअरचें नाटकगृह मानिलें. ज्यानें नदीचें अंतर पाहिलें, त्यास सत्य गवसलें. छापलेलें तें सर्व खरें, असें समजण्याची संवय आपणां विद्यार्थ्यांस फार आहे. यास्तव कोणतेंही जुनें चित्र हातीं आल्यास आपण प्रथम चित्र नीट पाहावें, मग त्याखालील अक्षरें वाचावीं, आणि दोहोंचा मेळ न बसल्यास शोध करावा. इतिहासाच्या अभ्यासाचा आरंभ येथेंच होतो, असें आम्हांस वाटतें.