हौशी सिद्धांत कां टिकत नाहींत?

पदार्थविज्ञानशास्त्रांत हौशी संशोधकानें घरीं बसून रचिलेला सिद्धांत क्वचितच टिकतो. यावरून कित्येकांची अशी समजूत होते कीं, पंडितमंडळी परक्यास दाराबाहेरच ठेवितात. आणि मग आइन्स्टाइनचा दाखला हटकून पुढें येतो. १९०५ सालीं तो बर्न येथील पेटंट कचेरींत नोकरीस होता, हें खरें. परंतु झुरिच येथें गणित व पदार्थविज्ञान यांचा चार वर्षें रीतसर अभ्यास करून १९०० सालींच त्यानें पदविका मिळविली होती, हें दाखला देणारे बहुधा सांगत नाहींत.

खरी अडचण दाराची नसून हिशेबाची आहे. नव्या सिद्धांतानें एखादें कोडें सोडविलें, एवढ्यानें भागत नाहीं; जुन्या सिद्धांतानें जें जें बिनचूक सांगितलें, तें सर्व त्यासही तितकेंच बिनचूक सांगतां आलें पाहिजे.

बुधाच्या कक्षेंतील सूर्याला अत्यंत जवळचा बिंदु हळूहळू पुढें सरकत असतो. न्यूटनच्या नियमाप्रमाणें इतर ग्रहांच्या आकर्षणाचा सर्व हिशेब केला, तरी शतकांत सुमारें ४३ विकला, म्हणजे अंशाच्या ऐंशीव्या भागाहूनही कमी, इतकें सरकणें शिल्लक राहतें. मंगळाचे दोन उपग्रह शोधून काढणारा अमेरिकन ज्योतिषी आसफ हॉल यानें १८९४ सालीं एक सोपी युक्ति सुचविली: आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत न मानतां, घातांक २ ऐवजीं २.००००००१६ धरावा. बुधाचें कोडें सुटलें! परंतु बुध शतकांत सूर्याभोंवतीं सुमारें ४१५ फेऱ्या करितो, तर चंद्र पृथ्वीभोंवतीं सुमारें १३३७. अर्थात् त्याच घातांकानें चंद्रकक्षेंतील पृथ्वीला जवळचा बिंदु शतकांत सुमारें १४० विकला अधिक सरकावयास हवा. चंद्रगतीचें सूक्ष्म गणित करणाऱ्या ब्राउननें १९०३ च्या सुमारास दाखविलें कीं, निरीक्षणांत एवढ्या फरकास जागाच नाहीं.

हॉल तर मुरलेला ज्योतिषी. (तरुणपणीं तो सुतारकाम करीत असे, हेंही सांगितलें पाहिजे.) त्याची सूचना आंकड्यांत मांडलेली असल्यामुळें निदान तपासतां तरी आली. हौशी संशोधकास बुध ठाऊक असतो, पण चंद्राविषयीं विचारणा होईल हें ठाऊक नसतें; आणि पुष्कळदां त्याच्या लेखांत आंकडाच नसतो.

१९१५ सालीं आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतांतून त्या ४३ विकला कोणतीही जुळवाजुळव न करितां निघाल्या. आणि जेथें आकर्षण मंद व गति अल्प, तेथें न्यूटनचेंच गणित पुन्हां हातीं आलें. या प्रश्नावर तो १९०७ पासून विचार करीत होता, व त्यासाठीं लागणारें गणित त्यालाही आपला जुना सहाध्यायी मार्सेल ग्रोसमान याच्या साहाय्यानें नव्यानें शिकावें लागलें.