औषध पोटात, गाडी रस्त्यावर

चऱ्होली गाव इंद्रायणीच्या काठी आहे. एका अंगाला आळंदी, दुसऱ्या अंगाला मोशी. मोशीवरून नाशिकचा रस्ता चाकणला जातो. कुणी मोटारसायकलवर चाकणच्या कारखान्यात जातो, कुणी टेम्पो चालवतो, कुणी मालाचा ट्रक. हा धडा आम्ही त्यांच्यासाठी लिहिला आहे. घरच्या मंडळींनीही तो वाचावा.

दारू पिऊन गाडी चालवू नये, हे सर्वांना ठाऊक आहे. पण औषध घेऊन? "अहो, वैद्यांनी दिलेलं औषध ते! त्यानं काय व्हायचंय?" असे पुष्कळ लोक म्हणतात. आपण नीट पाहू या.

भांग, गांजा, चरस ही सारी एकाच झाडाची. पान ती भांग. फुलोरा तो गांजा. चीक तो चरस. आयुर्वेदात या झाडाला विजया म्हणतात. पोट बिघडल्यावर देतात त्या जातीफलादि चूर्णात भांग असते. आता विजयेचे तेलही वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळते. दुखणे कमी व्हावे, झोप लागावी, म्हणून काही रोगी ते घेतात. १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी आहे. नुसत्या पानाला तो कायदा लागत नाही. तरी महाराष्ट्रात दारूबंदीच्या कायद्याने भांगेवर निर्बंध आहेतच. घरी घोटलेली भांग म्हणजे चिठ्ठीचे औषध नव्हे.

या झाडात टीएचसी नावाचे द्रव्य असते. गुंगी येते ती त्याने. सीबीडी नावाचे दुसरे द्रव्य असते, त्याने तशी नशा येत नाही. म्हणून बाटलीत कोणते द्रव्य किती आहे, हे विचारून घ्यावे.

टीएचसीने माणूस पडतो-झडतो असे नाही. बोलतो, चालतो, हसतो. पण गाडी सरळ रेषेत राहत नाही, थोडी इकडे-तिकडे सरकते. वेळेचा अंदाज चुकतो. एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे ध्यान राहत नाही. पाय ब्रेकवर उशिरा जातो. कुणी म्हणेल, "मी हळू चालवीन." हळू चालवल्याने थोडे सावरते, सगळे नाही.

हिशेबच करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समजा, ब्रेक दाबायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला. तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढे गेली. दोन मोटारी एकामागे एक उभ्या केल्या, तर एवढी जागा लागते. आळंदीच्या रस्त्याने दिंडी चालली असेल, तर त्या आठ मीटरांत किती माणसे असतील?

इंग्रज सरकारने १८९३ साली भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक समिती नेमली होती. बेताने घेतल्यास फारसे नुकसान नाही, असे तिने १८९४ साली सांगितले. काही लोक आजही तोच दाखला देतात. पण तेव्हा रस्त्यावर बैलगाडी होती. धन्याला डुलकी लागली, तरी बैल घरची वाट धरत. ट्रकला घरची वाट माहीत नसते.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. पोटात घेतलेले औषध लगेच चढत नाही. अर्धा तास ते दोन तास लागतात. "काहीच झालं नाही" म्हणून माणूस दुसरा डोस घेतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. अंमल सहा ते आठ तास राहतो, कधी त्याहूनही जास्त. रात्री अकराला औषध घेतले आणि पहाटे चारला ट्रक काढला, तर औषध अजून अंगात असते. वर दारू घेतली, की दोन्ही मिळून फारच वाईट. सर्दीच्या काही गोळ्यांनीही झोप येते, त्याही विचारूनच घ्याव्यात.

पोलिसांनी अडवले, तर चिठ्ठी पुढे करून सुटका होईल का? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ सांगते, की औषधी द्रव्याच्या अमलामुळे गाडीवर ताबा ठेवता येत नसेल, तर तो गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. चिठ्ठी असली तरी तुटलेला ताबा परत येत नाही.

भांग घातलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना छापणे सक्तीचे आहे. ती हिंदीतही असते. अक्षरे आपलीच आहेत. वाचून पाहा.

खेप बुडाली की त्या दिवसाची मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका, आणि वैद्यांपासून धंदाही लपवू नका. "मी पहाटे ट्रक चालवतो" हे आधी सांगा. मग ते वेळ बदलतील, मात्रा बदलतील, नाहीतर दुसरे औषध देतील. नवे औषध सुरू केले किंवा मात्रा वाढवली, की सुरुवातीचे काही दिवस गाडी दुसऱ्याच्या हाती द्या आणि कारखान्याला बसने जा.