नव्या संगणकावर जुनी एक्सपी

संगणक नवा घेतला की जुने काम त्यावर आपोआप चालेल, ही समजूत खरी नव्हे. मंचरला ज्या डीटीपीच्या दुकानात मी सुटीत काम करतो, तेथे लग्नपत्रिकांपासून आपल्या वार्षिकांकापर्यंतचा जुना मजकूर युनिकोडपूर्व टंकांत आहे. या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. टंक नसेल तर पानभर निरर्थक चिन्हे दिसतात. आमच्याकडील टंकांचे सॉफ्टवेअर २००१ सालच्या विंडोज एक्सपीवरच नीट चालते.

पण नवे यंत्र एक्सपीला थारा देत नाही. तिच्या मूळ सीडीत आजच्या डिस्कला लागणारा एएचसीआय ड्रायव्हर नाही, त्यामुळे निळा पडदा येऊन सारे थांबते. पूर्वी बायोसमध्ये ‘आयडीई’ निवडून निभावत असे. आता पुष्कळ यंत्रांत ती सोयच उरलेली नाही. म्हणून आम्ही नव्या प्रणालीच्या पोटात आभासी संगणक उभारला. एक्सपीला वाटते, आपण जुन्याच यंत्रावर आहोत, आणि ती बिनतक्रार चालते! इंटरनेट मात्र तिला जोडायचे नाही. तिचे नेहमीचे साहाय्य मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले.

मजकूर युनिकोडमध्ये उतरवताना ऱ्हस्व इकार आणि रफार हमखास जागा सोडतात. मूळ पान शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडावी लागते. सध्या २००४ चा अंक चालू आहे.