सुपरहिरो आणि त्यांचे लेखक

सुपरहिरोंच्या चित्रकथा वाचणाऱ्याला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘अजून हे वाचतोस?’ आणि दुसरा, ‘तुला कोण आवडतो, बॅटमॅन की सुपरमॅन?’ पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याचे कारण नाही. ज्याला वाचायचे असते तो वाचतो. दुसरा प्रश्न मात्र मुळातच चुकीच्या जागी विचारलेला आहे असे मला वाटते, आणि प्रस्तुत लेख त्याच्यापुरताच आहे. वर्षअखेरीस मी वाचलेल्या चित्रकथांतून आवडीची निवड वहीत मांडून ठेवतो. सरत्या वर्षात जुन्या पुष्कळ पुन्हा वाचल्या, काही नव्या वाचल्या, आणि निवड करताना नायकांची नावे बाजूला ठेवून लेखकांची नावे लिहिली.

असे का, ते आधी सांगितले पाहिजे. सुपरमॅन १९३८ साली जन्मला. तेव्हापासून आजपर्यंत त्याला किती लेखकांनी बोलते केले याची मोजदाद करणे कठीण. एकाच आख्यानावर दहा कीर्तनकार उभे राहतात. आख्यान तेच असते, पण श्रोते अमुक बुवांचे कीर्तन म्हणून जातात. सुपरहिरोंचेही तसेच आहे. फरक इतकाच, की येथे बुवांचे नाव पुष्कळ वेळा फलकावर लिहिलेलेच नसते.

त्याचे एक कारण या धंद्याच्या रीतीत आहे. अमेरिकन मासिक अंकाचे काम वाटून दिलेले असते. एक जण कथा आणि संवाद लिहितो, दुसरा शिसपेन्सिलीने चित्रे काढतो, तिसरा त्यावर शाई फिरवतो, चौथा रंग भरतो, पाचवा फुग्यांत अक्षरे लिहितो. नायक मात्र यांपैकी कोणाचाही नसतो. तो प्रकाशन संस्थेचा असतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलँड शहरातील दोन तरुण. त्यांनी सुपरमॅन निर्माण केला आणि १९३८ मध्ये १३० डॉलर घेऊन त्याचे सर्व हक्क लिहून दिले. त्या १३० डॉलरांवर पुढे केवढी इमारत उभी राहिली हे सांगायला नको. १९७५ साली, सुपरमॅनवर मोठा चित्रपट काढण्याचे घाटत असताना, दोघा वृद्धांची हलाखी वर्तमानपत्रांतून गाजली. इतर चित्रकारांनी त्यांची बाजू उचलून धरली, आणि मग दोघांना सालिना २० हजार डॉलरांचे निवृत्तिवेतन व छापील श्रेय मिळाले. तेव्हा शुस्टरची दृष्टी अधू झालेली होती.

बिल फिंगरच्या वाट्याला तेवढेही आले नाही. बॉब केन याने बॅटमॅनचे पहिले कच्चे चित्र काढले ते लाल कपड्यांतल्या, डोळ्यांपुरता मुखवटा लावलेल्या, पाठीला ताठ पंख बांधलेल्या माणसाचे. फिंगरने सुचवले की पूर्ण डोके झाकणारी टोपी दे, पंखांऐवजी झगा दे, हातमोजे दे, रंग करडा ठेव. आज आपण ज्याला बॅटमॅन म्हणून ओळखतो तो हा. मे १९३९ च्या अंकातली पहिली गोष्ट फिंगरनेच लिहिली. ब्रूस वेन हे नाव आणि गॉथम हे शहरही त्याचेच. पण करार केनचा होता, आणि त्या करारानुसार प्रत्येक कथेवर केनचेच नाव छापले जाई. १९७४ साली फिंगर वारला तेव्हा निर्माता म्हणून त्याचे नाव कोठेही नव्हते. ते अधिकृतपणे दिले गेले २०१५ मध्ये, म्हणजे शहात्तर वर्षांनी. तेही एका चिकाटीच्या संशोधकाने शोध घेतला आणि फिंगरच्या नातीने प्रश्न लावून धरला म्हणून. खरे बोलायचे तर ती सहा पानांची पहिली गोष्ट काही फार मोठी नाही. तिचे कथानक त्या काळच्या एका स्वस्त रहस्यकादंबरीवरून उचललेले आहे. तरीही मी ती यंदाच्या वहीत लिहिली. फिंगरला गोष्टींपेक्षा जग अधिक सुचत असे, आणि ते जग पुढच्या सगळ्यांना पुरले.

आता ज्या अंकावर मी या वर्षी सर्वांत जास्त वेळ घालवला त्याच्याकडे वळतो. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ क्रमांक ३३, फेब्रुवारी १९६६. मुखपृष्ठावरची किंमत बारा सेंट. प्रसंग असा: पीटर पार्करची मे काकू रुग्णालयात मरणाच्या दारात आहे. पूर्वी एकदा पीटरनेच तिला रक्त दिले होते आणि त्या रक्तातील किरणोत्सर्गाने तिचे शरीर विषारले आहे. म्हणजे तिच्या मरणाला तोच निमित्त ठरणार. तिला वाचवणारे औषध एका डब्यात, त्याच्या डोळ्यांसमोर, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर पडलेले आहे. आणि तो स्वतः प्रचंड यंत्राखाली चिरडून पडला आहे. वरून पाणी गळते आहे, ते वाढते आहे.

येथे खलनायक नाही. मारामारी नाही. एक मुलगा आणि त्याच्या पाठीवरचे ओझे. जी गोष्ट दुसऱ्या कोणी दोन चौकटींत उरकली असती तिच्यासाठी चित्रकार स्टीव्ह डिटकोने पाच पाने खर्च केली आहेत. वाचकांनी ही पाने मिळवून चौकटींकडे नीट पाहावे. आरंभी चौकटी लहान आहेत आणि यंत्र त्यांत मावत नाही, पीटर कोपऱ्यात दाबलेला. एकदा प्रयत्न, फसतो. पुन्हा प्रयत्न. बेन काकांची आठवण येते, ज्यांच्या मृत्यूचे शल्य त्याच्या मनात कायमचे आहे. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात, आणि अखेर पूर्ण पानभर एकच चित्र: तो यंत्र उचलून उभा राहतो. कागदावर वजन कसे दाखवायचे याचा हा पाठच आहे. शाळेत आपण अलंकार शिकलो, वृत्ते शिकलो. पानावरची जागा हेही एक वृत्त आहे हे मला या पाच पानांनी शिकवले.

मग हा अंक कोणाचा? छापील नाव स्टॅन लीचे, आणि फुग्यांतले चटकदार संवादही त्याचेच. पण त्या काळी मार्व्हल संस्थेत रीत अशी होती की लेखक तोंडी किंवा चार ओळींत कल्पना द्यायचा, चित्रकार सबंध कथा चित्रांत रचायचा, आणि लेखक शेवटी संवाद भरायचा. स्पायडरमॅनच्या बाबतीत तर १९६५ पासून, म्हणजे २५ व्या अंकापासून, कथानकाचे श्रेय डिटकोला छापून दिले जाऊ लागले होते. आणि दोघांचे बोलणेही बंद झाले होते. म्हणजे डिटको पाने काढून पाठवणार आणि ली ती पाहून संवाद लिहिणार. अशा अबोल्यातून हा अंक झाला याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. ३८ व्या अंकानंतर डिटको सोडून गेला. २०१८ साली दोघेही वारले, जूनमध्ये डिटको आणि नोव्हेंबरमध्ये ली. एकाच्या निधनाची बातमी जगभर पहिल्या पानावर आली. दुसरा न्यूयॉर्कमधल्या आपल्या खोलीत मृत आढळला. लेखक या शब्दाचा अर्थ कथा रचणारा असा असेल तर या अंकाचा लेखक माझ्या मते डिटको आहे. लीचे चाहते रागावतील. रागवोत.

अॅलन मूर या इंग्रज लेखकाबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी थोडक्यात लिहितो. डेव्ह गिबन्सच्या चित्रांसह त्याने १९८६-८७ मध्ये बारा अंकांत लिहिलेली ‘वॉचमेन’ ही कथा सुपरहिरोंचा पंचनामा आहे. तिचा पाचवा अंक तर आरशासारखा रचलेला आहे, पहिले पान शेवटच्या पानाशी जुळते, दुसरे शेवटून दुसऱ्याशी. कसब थक्क करणारे आहे. पण मनाला लागली ती याच जोडीची १९८५ मधली छोटी कथा. सुपरमॅनच्या वाढदिवशी शत्रू त्याला एक वनस्पती भेट पाठवतो. ती छातीला चिकटते आणि मनातली सर्वांत खोल इच्छा स्वप्न म्हणून दाखवते. त्याची इच्छा काय? आपला ग्रह कधी नष्ट झालाच नाही, आपण तिथेच वाढलो, आपल्याला बायको आहे, मुले आहेत. आणि मग या स्वप्नातल्या स्वप्नातच कीड लागू लागते, बाप कडवट म्हातारा झालेला, रस्त्यांवर दंगे. शेवटी त्याला आपल्या लहान मुलाला जवळ घेऊन सांगावे लागते की बाळ, तू खरा नाहीस असे मला वाटते. ‘वॉचमेन’च्या करारात छपाई थांबली की हक्क लेखकांकडे परत येतील असे कलम होते. पुस्तक इतके खपले की छपाई कधी थांबलीच नाही. पुढे मूरने चित्रपटांवरून आपले नावच काढून घ्यायला लावले. फिंगर नावासाठी झुरला आणि मूरने नाव परत मागितले, एकाच धंद्यात!

फ्रँक मिलरचे ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ (१९८६) माझ्या निवडीत नाही. चौकटींची रचना उत्तम आहे, पण त्यातला म्हातारा बॅटमॅन मला धमक्या देणाऱ्या पुढाऱ्यासारखा वाटतो. ख्रिस क्लेअरमाँटने १९७५ पासून सोळा वर्षे सलग ‘एक्स-मेन’ लिहिले. त्याला शब्दांचा हव्यास फार, फुगे चित्रांवर चढतात, पण माणसे जिवंत. जी. विलो विल्सनची ‘मिस मार्व्हल’ (२०१४) मला अतिशय आवडते. कमला खान ही जर्सी सिटीतली पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी. तिला रूप पालटण्याची शक्ती मिळते तेव्हा ती पहिल्यांदा काय करते? गोरी, सोनेरी केसांची नायिका बनते. आणि लगेच तिला कळते की हे अंगाला बसत नाही. घरात अम्मी-अब्बूंचा धाक, रात्री उशिरा आल्यावरची बोलणी, हे सारे आपल्या घरांतलेच वाटते. या मालिकेच्या पहिल्या खंडाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

यंदाचा पहिला क्रमांक मी जीन लुएन यांगला दिला. ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’, २०१९-२० मध्ये तीन भागांत आलेली कथा. चित्रे गुरिहिरू या नावाने काम करणाऱ्या दोन जपानी चित्रकर्त्यांची. मूळ कल्पना १९४६ च्या सुपरमॅन नभोनाट्यातली. तेव्हा अमेरिकेत कू क्लक्स क्लॅन पुन्हा डोके वर काढत होती आणि त्या मालिकेने मुलांच्या कार्यक्रमातून तिच्यावर हल्ला चढवला. यांगने ती गोष्ट त्याच वर्षात ठेवली आहे. ली नावाचे चिनी कुटुंब चायनाटाउन सोडून मेट्रोपोलिसच्या गोऱ्या वस्तीत राहायला येते. मुलगा टॉमी चेंडूफळीत तरबेज, चटकन मिसळतो. मुलगी रोबर्टा बुजते. वडील घरात आईला वारंवार इंग्रजीत बोलायला सांगतात. मग एका रात्री अंगणात क्रूस जळताना दिसतो.

इथवर कोणीही लिहिले असते. यांगची करामत पुढे आहे. १९३८ च्या मूळ कथांत सुपरमॅन उडत नव्हता, नुसत्या लांब उड्या मारत होता. उडणे नंतर आले. यांगने या जुन्या विसंगतीलाच कथेचा कणा केले. त्याचा सुपरमॅन उडू शकतो, पण उडत नाही, कारण उडणारा माणूस परका दिसेल. त्याला भास होतात, त्यांत दोन चमत्कारिक आकृत्या अनोळखी भाषेत काही बोलतात. ती त्याच्या आईबापांची भाषा आहे आणि ती त्याला येत नाही. जगातला सर्वांत बलवान पुरुष आपली जन्मभाषा लपवून, पाय जमिनीला टेकवून चालतो. आणि हे ओळखते ती आईच्या भाषेला वर्गात लाजणारी लहान मुलगी.

घरी मराठी, बाजारात कानडी, वर्गात इंग्रजी अशा आमच्या गावात हे पान वाचताना मी थोडा वेळ थांबलो. आमच्या आधीच्या पिढीने वेताळ वाचला तो ‘इंद्रजाल’च्या अंकांतून, १९६४ ते १९९० पर्यंत ते निघत, मराठीतही आणि कानडीतही. मामांच्या पेटीत अजून काही आहेत. ली फॉकने १९३६ मध्ये निर्माण केलेला हा नायक सुपरमॅनच्याही आधीचा, आणि फॉक तो १९९९ मध्ये मरेपर्यंत लिहीत राहिला. साऱ्या रानावर एका गोऱ्याची सत्ता ही त्यातली गोष्ट आज खटकते, खटकायलाच हवी. मूळ कथेतला बंगाला देश आपल्या वाचकांना बंगाल वाटेल म्हणून ‘इंद्रजाल’ने तो डेंकाली केला, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

ज्यांना सुरुवात करावयाची आहे त्यांनी यांगचे पुस्तक आधी घ्यावे. इंग्रजी सोपे आहे आणि मागचे काही ठाऊक असण्याची गरज नाही. मग स्पायडरमॅनचे ३१, ३२ आणि ३३ हे तीन अंक सलग वाचावेत, मूरची वाढदिवसाची कथा त्यानंतर. ‘वॉचमेन’ला परीक्षा संपल्यावर हात घालावा. आणि प्रत्येक अंक उघडताना पहिल्या पानावर बारीक अक्षरात छापलेली नावे आधी वाचावीत, शाईवाल्याच्या आणि अक्षरे लिहिणाऱ्याच्या नावासकट.